दानांगचा उन्हाळा, चिआंग माईचा हिवाळा: दोन शहरांत राहून काम केल्याचा हिशेब

परदेशात राहून लॅपटॉपवर काम करायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: स्वस्त कुठे पडतं? मीही तिथूनच सुरुवात केली होती. व्हिएतनाममधलं दानांग आणि थायलंडमधलं चिआंग माई, दोन्हीकडे काही महिने राहून आल्यावर माझं मत असं झालंय की भाडं आणि जेवण यांत दोन्ही शहरं उन्नीस-बीस आहेत. त्यावरून ठरवण्यात अर्थ नाही. खरा फरक आहे तो व्हिसाच्या कागदांत आणि तुम्ही कुठल्या महिन्यात जाता यात.

मी नाशिकची. सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिते. मुख्य काम नेदरलँड्समधल्या एका कंपनीचं, कंत्राटावर. म्हणजे माझा दिवस त्यांच्या घड्याळावर चालतो. दोन्ही शहरांची वेळ एकच आहे, भारताच्या दीड तास पुढे. त्यामुळे हिवाळ्यात नेदरलँड्समधले सकाळचे नऊ म्हणजे या शहरांतले दुपारचे तीन, आणि काम आटोपतं रात्री अकराला. भारतातून हेच काम साडेनऊला संपतं. सकाळ मोकळी मिळते हा फायदा, पण रात्रीचं जेवण लॅपटॉपसमोरच होतं, हे आधीच सांगून ठेवते.

जानेवारी २०२५: व्हिएतनामचा ई-व्हिसा

ओळखीतले सगळे चिआंग माईचं नाव घेत होते. पण तिथे फेब्रुवारीपासून धुराचा मोसम लागतो. उत्तर थायलंडमध्ये आणि शेजारच्या म्यानमारमध्ये शेतांत आणि जंगलांत आगी लावल्या जातात, शहर डोंगरांच्या खोलगट भागात, धूर तिथेच कोंडतो. मार्चमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चिआंग माई वरचेवर पहिल्या क्रमांकावर असतं. मला दम्याचा थोडा त्रास आहे. त्यामुळे आधी दानांग आणि पावसाळ्यानंतर चिआंग माई, असा क्रम लावला.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, पुन्हापुन्हा करायचा असेल तर ५० डॉलर. फी परत मिळत नाही. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. शोधलं की वर पाच-सहा तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना, एवढं बघायचं.

आपल्याकडच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका ओळीत असतं, आडनाव दुसऱ्या. फॉर्मवरही दोनच रकाने आहेत, त्यामुळे पासपोर्टच्या तळाच्या त्या ‘<<<’ वाल्या ओळीत जसं आहे तस्संच उतरवायचं. फोटो चष्म्याशिवाय. प्रवेशाचं ठिकाण लिहिताना जिथे इमिग्रेशन होणार ते लिहायचं. मी मुंबईहून हनोईमार्गे जाणार होते म्हणून दानांग न लिहिता हनोईचा नोइबाई विमानतळ लिहिला. आणि ९० दिवस हे तुम्ही फॉर्मवर टाकलेल्या तारखेपासून मोजतात, उतरल्यापासून नाही. मी ८ फेब्रुवारी टाकली, व्हिसा आला ८ मेपर्यंतचा.

संक्रांतीच्या आसपास अर्ज केला. ‘तीन कामाचे दिवस’ असं लिहिलेलं असतं. पण २९ जानेवारीला त्यांचं नववर्ष होतं, तेत, आणि त्याआधी सगळी कार्यालयं दिवाळीच्या आठवड्यातल्या आपल्या कार्यालयांसारखी झालेली. रोज सकाळी चहाबरोबर नोंदणी क्रमांक टाकून बघायचे. तेतच्या सुट्टीच्या अगदी तोंडावर व्हिसा आला. त्या काळात जाणार असाल तर महिनाभर आधी अर्ज करा. दोन प्रती छापून घ्या, विमानकंपनीच्या काउंटरवर कागदच मागतात.

आणखी एक गोष्ट, जी बरेच जण लिहीत नाहीत. व्हिएतनाममध्ये बाहेरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा असा व्हिसाच नाही. परदेशातल्या ग्राहकाचं काम करणारे लोक पर्यटकाच्या ई-व्हिसावरच राहतात आणि त्याला कायद्याचा स्पष्ट आधार नाही. मी हे माहीत असूनच गेले. स्थानिक कंपनीचं काम घेतलं नाही, स्थानिक पैसा कमावला नाही. तुम्ही तुमचं बघून ठरवा.

फेब्रुवारी ते मे: दानांग

पहिला आठवडा आन थुओंग भागातल्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये काढला. समुद्रकिनाऱ्यालगतच्या गल्ल्या, परदेशी लोकांची वस्ती. ऑनलाइन दोन-तीन महिन्यांची खोली आधीच ठरवू नका, हा माझा पहिला सल्ला. पायी फिरा. दारांवर पाट्या असतात, आणि फोटोत न दिसणारी गोष्ट तिथे गेल्यावरच कळते, ती म्हणजे शेजारी सुरू असलेलं बांधकाम. दानांगमध्ये निम्मं शहर बांधून होतंय असं वाटतं. सकाळी साडेसातला खोदकाम सुरू. संध्याकाळी त्याच गल्लीत कुणीतरी चाकांवरचा स्पीकर काढून कराओके लावतो. खोली बघायला दुपारी एकदा आणि रात्री आठनंतर एकदा, असं दोनदा जा.

मला मिळालेली खोली नगू हान्ह सोन भागात, किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर. एक खोली, छोटा ओटा, बाल्कनी. भाडं महिना ८० लाख डोंग. ऐकून आईने फोनवर ‘किती?’ असं तीनदा विचारलं. तेव्हाच्या दराने सत्तावीस हजार रुपये. अनामत एक महिन्याची, वीज वेगळी, युनिटला ३,८०० डोंग म्हणजे तेरा रुपयांच्या आसपास. एसी जपून चालवला तर महिना तीन हजार रुपयांत भागतं.

भाडं रोख. सर्वांत मोठी नोट पाच लाखांची, तेव्हा ८० लाख म्हणजे सोळा नोटा. नोटा प्लास्टिकच्या, गुळगुळीत, मोजताना एकमेकींना चिकटतात. त्यात पाच लाखांची नोट निळी आणि वीस हजारांचीही निळी. घरमालकीणबाईंनी माझ्या हातातल्या नोटा उजेडात धरून दोन गठ्ठे केले, बोटाने शून्यं मोजून दाखवली आणि निळ्या नोटा पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला लावल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला व्हिएतनामी. सगळा व्यवहार भाषांतराच्या ॲपवर आणि झालोवर. झालो हे तिथलं व्हॉट्सॲप, उतरल्या दिवशीच घ्या. दुकानदारापासून घरमालकापर्यंत सगळे त्यावरच असतात.

खोली घेताना एकच गोष्ट ठामपणे विचारायची: पोलिसांकडे माझ्या राहण्याची नोंद करणार का? ही तात्पुरत्या निवासाची नोंद करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. हल्ली ती ऑनलाइन होते. एका ठिकाणी ‘गरज नाही’ असं उत्तर मिळालं, तिथून मी उठले. बाईंनी मात्र पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो घेऊन त्याच संध्याकाळी नोंद केली.

दिनक्रम लागायला दोन आठवडे लागले. ‘मी खे’ नावाच्या किनाऱ्यावर पहाटे पाचला अख्खं गाव उतरलेलं असतं. आजीआजोबा पोहतायत, बायका गाणं लावून कवायत करतायत, लहान मुलं वाळूत. सात वाजता किनारा रिकामा. ऊन लागू नये म्हणून सगळे परत. तिथे लोक लवकर उठतात आणि लवकर निजतात, आणि माझं काम रात्री दहा-अकराला संपायचं. खाली उतरलं की गल्ली झोपलेली. पहिल्या महिन्यात याचा एकटेपणा जाणवला, खोटं कशाला बोलू. मार्चच्या अखेरीस युरोपची घड्याळं एक तास पुढे गेली आणि मी दहाला मोकळी व्हायला लागले, तेवढ्यानेही बरं वाटलं.

इंटरनेट वेगवान आहे. पण व्हिएतनामचा परदेशांशी संपर्क समुद्राखालच्या मोजक्या केबल्सवर चालतो आणि त्या अधूनमधून तुटतात. तेव्हा देशातली संकेतस्थळं पळतात आणि व्हिडिओ मीटिंग अडखळते. फोनवर वेगळ्या कंपनीचं सिम ठेवलं की दिवस निभावतो. कॅफेत बसून काम करायला कुणी हटकत नाही. दूध घातलेली बर्फाची कॉफी वीस-तीस हजार डोंग, म्हणजे फार तर शंभर रुपयांच्या आसपास, आणि सोबत गारेगार चहाचा ग्लास फुकट, पुन्हापुन्हा भरून. खुर्च्या मात्र बालवाडीतल्या. पाठ दुखायला लागली तेव्हा कोवर्किंगची, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसातली, जागा घेतली.

मी शाकाहारी, अंडं चालतं. ‘चाय’ अशी पाटी दिसली की बिनधास्त आत जायचं, ते शाकाहारी हॉटेल. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांस-मासे टाळतात, त्या दोन दिवशी या हॉटेलांत बसायला जागा नसते. भात, टोफू, दोन भाज्या, सूप असं ताट तीस-पस्तीस हजार डोंगांत. बाहेर मात्र ‘भाजी’ म्हटलेल्या पदार्थातही मासळीचा सॉस असतो. भारतीय पर्यटक वाढल्याने किनाऱ्याजवळ भारतीय हॉटेलं भरपूर झालीत. महाग आहेत आणि सगळ्यांची चव एकाच वाटणातून आल्यासारखी.

स्कूटरचं प्रकरण नीट समजून घ्या. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारातला असतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतं. म्हणजे भारतीय परवान्यावर तिथे स्कूटर चालवणं बेकायदा, भाड्याने देणारा काहीही सांगो. अपघात झाला तर विमाकंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते. त्यात १ जानेवारी २०२५ पासून दंड प्रचंड वाढवलेत. दुचाकीने लाल सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डोंग, म्हणजे जवळपास चौदा ते वीस हजार रुपये. ५० सीसीच्या आतल्या गाडीला परवाना लागत नाही, पण मी सायकल घेतली आणि लांब जायचं असेल तेव्हा ॲपवरची बाइक टॅक्सी. पैसे वाचले असंही नाही, पण झोप शांत लागली.

एका रविवारी ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी गेले. दानांगहून दीड-दोन तास. डोंगरांच्या कुशीत जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथल्या काही मंदिरांची डागडुजी केली आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. मी गेले तेव्हा दोन-तीन मराठी कुटुंबं भेटली, एक काका विटांचे सांधे नखाने कोरून ‘चुना नाही बघा’ म्हणत होते. चुना खरंच दिसत नाही, आणि नखाने कोरूही नये.

२८ मार्चला म्यानमारमध्ये भूकंप झाला, बँकॉकमध्ये बांधकाम सुरू असलेली एक उंच इमारत कोसळली. दानांगमध्ये मला काही जाणवलं नाही. पण नाशिकच्या नातेवाइकांच्या नकाशात थायलंड आणि व्हिएतनाम शेजारी-शेजारी नसून एकच आहेत. दादाचा, वहिनीचा, मावशीचा, सगळ्यांचे फोन. चिआंग माईतल्या काही उंच इमारतींना तडे गेल्याचं तेव्हाच वाचलं आणि पुढच्या घरशोधणीसाठी लक्षात ठेवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, व्हिसा संपायच्या आधी, परत आले. महिन्याचा खर्च सरासरी पासष्ट हजार पडला, विमान आणि विमा सोडून. नाशिकचा फ्लॅट बंद असला तरी त्याचा मेंटेनन्स सुरूच असतो, हा हिशेब कुणी करत नाही. करा.

जुलै ते सप्टेंबर: डीटीव्ही, म्हणजे पैशाचं सोंग आणता येत नाही

थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’, म्हणजेच डीटीव्ही, सुरू केला. बाहेरून काम करणाऱ्यांसाठीच तो काढलाय. पाच वर्षांचा, हवं तितक्या वेळा प्रवेश, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस. त्याच महिन्यापासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सोयही मिळाली, आणि इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाट भरून आणखी ३० दिवस वाढवता येत होते. पण ती सवलत पर्यटकांसाठी. त्यावर जाऊन काम करणारे ढिगाने होते. माझा जीव त्यात रमला नसता. एकदा दानांगमध्ये कायद्याच्या करड्या जागेत राहून झालं होतं.

कागद असे लागले: पासपोर्ट, फोटो, मी सध्या भारतात आहे याचा पुरावा, थायलंडमधल्या मुक्कामाचा पत्ता, ग्राहक कंपनीचं कंत्राट, आणि खात्यात ५ लाख बाट असल्याचं बँकेचं विवरण. ५ लाख बाट म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतेरा लाख रुपये. इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. हे पैसे खर्च करायचे नसतात, फक्त दाखवायचे असतात, पण दाखवायला आधी असावे लागतात. माझे एफडीत होते. एफडीची पावती चालेल की नाही याची जोखीम नको म्हणून मेमध्येच मोडून बचत खात्यात ठेवले, म्हणजे तीन महिन्यांच्या विवरणात ते सलग दिसतील. व्याजाचं नुकसान हाही व्हिसाचा खर्चच.

बँकेत शिक्का मारून घ्यायला गेले तर ‘ऑनलाइन काढता येतं की मॅडम, शिक्का कशाला?’ शाखेत दोन खेपा, एक अर्ज, आणि शेवटी ज्या काकांकडे शिक्का होता ते जेवायला गेलेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आता खासगी बँकांनाही लावायला हरकत नाही.

कंत्राटाबाबत एक टीप. नुसत्या कराराऐवजी ग्राहकाकडून त्यांच्या लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या: ही व्यक्ती आमच्यासाठी अमुक काम करते, ते कुठूनही करता येतं, महिन्याला इतकं मानधन देतो. सोबत मी उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, दोन वर्षांचे आयटीआर आणि सहा महिन्यांची बिलं जोडली. बिलांच्या रकमा आणि बँकेतल्या जमा रकमा जुळतील अशा खुणा करून ठेवल्या. तपासणाऱ्याचं काम सोपं करून द्यायचं.

जानेवारी २०२५ पासून भारतातून थायलंडचा व्हिसा अर्ज ऑनलाइन झालाय. पण फी ऑनलाइन नाही. अर्ज भरल्यावर मुंबईच्या वाणिज्य दूतावासाने सांगितलेल्या पद्धतीने ती वेगळी भरायची, आणि फी पोहोचल्यावर साधारण १४ दिवस धरायचे. मूळ फी १०,००० बाट, इथे रुपयांत घेतात. ऑगस्टच्या मध्याला अर्ज केला. आठवड्याने मेल आला: कामाचे नमुने जोडा. ते जोडले. मग शांतता. नकार आला तर फी बुडाली, हे डोक्यात सारखं फिरत होतं. गणपती बसले, गौरी आल्या. गौरीजेवणाच्या दिवशी पुरणाचा घाट घातलेला आणि फोनवर मेल. वहिनी म्हणाली, ‘आधी हात धुऊन बघा.’ मंजूर झाला होता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: चिआंग माई

ऑक्टोबरच्या अखेरीस बॅग भरत असताना दानांगच्या बाईंचा झालोवर व्हिडिओ आला. मध्य व्हिएतनाममध्ये विक्रमी पाऊस, दानांगजवळचं होइ आन शहर पाण्याखाली. मी एप्रिलमध्ये जिथे सायकल लावून कंदील बघत हिंडले होते त्या रस्त्यांवर होड्या. बाईंचं घर सुरक्षित होतं. कुणी मला ‘दानांग कसं आहे?’ विचारतं तेव्हा मी आधी विचारते, ‘कधी जाणार?’ सप्टेंबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे आणि वादळांचे, ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत वाईट. चिआंग माईत नेमकं तेव्हाच छान हवामान सुरू होतं.

थायलंडला जाण्याआधी तीन दिवसांच्या आत टीडीएसी नावाचं डिजिटल प्रवेशपत्र भरावं लागतं. मे २०२५ पासून सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. विमानतळावर शिक्का १८० दिवसांचाच पडलाय ना, हे काउंटरवरून हलण्याआधी बघा.

देश शोकात होता. २४ ऑक्टोबरला राजमाता सिरीकित यांचं निधन झालेलं. रस्त्यावर, दुकानांत, बँकेत बहुतेक लोक काळ्या किंवा पांढऱ्या कपड्यांत. ५ नोव्हेंबरला लॉय क्रथोंग होता, आपली त्रिपुरारी पौर्णिमा. नदीत दिवे सोडले गेले, पण गाजावाजा कमी. पिंग नदीच्या काठावर गर्दीत उभी राहून मी केळीच्या सालपटावरचा दिवा सोडला. नाशिकला त्याच वेळी रामकुंडावर आई सोडत होती.

घर शोधायला इथे वेगळी युक्ती लागते. निम्मान हा भाग सगळ्यांना माहीत आहे, कॅफे, मॉल, कोवर्किंग तिथेच. पण तो विमानतळाच्या सरळ उत्तरेला आहे. विमानं डोक्यावरून जातात आणि मीटिंगमध्ये बोलणं थांबवावं लागतं. मी सांतिथाममध्ये घेतलं. निम्मानहून स्कूटरने पाच मिनिटं, वस्ती स्थानिकांची, भाडं ९,५०० बाट. निम्मानमध्ये तशीच खोली बारा ते पंधरा हजारांना. इथे करार वर्षाचा मागतात, तीन महिन्यांसाठी देणारे कमी आणि दर चढा. अनामत दोन महिन्यांची. वीज इमारतीच्या दराने, युनिटला ८ बाट. सरकारी दर त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, तो घासाघिशीत मिळतो का बघा. मला मिळाला नाही.

भूकंपाचं मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. एका मजबूत दिसणाऱ्या इमारतीत जिन्याच्या भिंतीवर नव्या रंगाचा तिरका पट्टा वरपर्यंत गेलेला होता. ऑफिसातल्या मुलीने हसून ‘प्लास्टर, प्लास्टर’ म्हटलं. असेलही. मी चार मजली जुनी इमारत घेतली.

रुपया मात्र या मधल्या काळात घसरला होता. फेब्रुवारीत अडीच रुपयांना मिळणारा बाट आता पावणेतीनच्या घरात. त्यात परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापतात, म्हणून एकदाच जास्त काढायचे. क्यूआर कोड भाजीवाल्याकडेही असतो, पण माझं स्थानिक खातं नव्हतं. महिना एकूण सत्तर-बहात्तर हजार पडला. दानांगपेक्षा थोडा जास्त, त्यात स्कूटर आणि कोवर्किंग धरलंय.

स्कूटर इथे कायदेशीर चालवता आली, कारण थायलंड १९४९ चा परवाना मानतं. नाशिकहून निघण्याआधी हजार रुपये भरून काढला होता. निम्मानच्या तोंडाशी पोलिसांनी अडवलं, पुस्तिका बघितली, हेल्मेट बघितलं, जा म्हणाले. पुस्तिकेत दुचाकीच्या वर्गावर शिक्का आहे ना हे घरूनच तपासून घ्या, नुसता कारचा असेल तर उपयोग नाही.

शाकाहाऱ्यांसाठी चिआंग माई दानांगपेक्षा सोपं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ दिसलं की तिथे मांस, मासळी, अंडं, दूध, अगदी कांदा-लसूणही नाही. जैन मैत्रीण आली होती ती खूश. वारोरोत बाजाराच्या बाजूला शीख कापडदुकानदारांच्या जुन्या पेढ्या आहेत, तिथेच डाळी आणि मसाले कुठे मिळतात ते विचारलं. सकाळी विद्यापीठातल्या आंग काएव तलावाभोवती चालायला जायचे. तिथे ओळखी झाल्या. काम करायला आलेल्या लोकांची इथे सवय झालेली आहे, दर आठवड्याला कुठे ना कुठे जमतात. दानांगमध्ये मला स्थानिक लोक जास्त भेटले, इथे माझ्यासारखेच जास्त. काय हवं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला दानांगच्या बाई जास्त आठवतात.

कागद संपले असं वाटत असतानाच नव्वद दिवसांची हजेरी आली. सलग ९० दिवस राहिलं की इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, टीएम ४७ फॉर्म, फुकट. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. पहिल्यांदा प्रत्यक्ष जावं लागतं. जानेवारीच्या अखेरीस सकाळी विमानतळाजवळच्या कार्यालयात गेले. झेरॉक्स बाहेरच्या टपरीवर. टोकन घेऊन बसले आणि काउंटरवर विचारलं गेलं: टीएम ३० कुठे आहे? परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने द्यायची ही नोंद. घरमालक ‘केली आहे’ म्हणत होते, पावती मात्र कधी दिली नव्हती, कारण नोंदच नव्हती. त्या दिवशी परत आले. इमारतीच्या ऑफिसातल्या बाईंनी ऑनलाइन भरून पावती छापून दिली, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत काम झालं. किल्ली घेतल्या दिवशीच पावती हातात घ्या. तोंडी ‘हो’ चालत नाही.

कराचंही थोडक्यात. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही कराच्या दृष्टीने रहिवासी, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई तिथे आणली तर त्यावर कर लागू शकतो. व्हिएतनाममध्ये १८३ दिवस. भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलात की इथले रहिवासी. मी कुठेच परदेशी मर्यादा ओलांडली नाही, सगळ्या कमाईवर कर इथेच भरला. जाण्याआधी सीएला तारखांचा कागद दाखवा. परत आल्यावर दाखवून काही बदलता येत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा झाला. खोलीच्या खिडकीतून रोज समोर दिसणारं त्यावरच्या मंदिराचं सोनेरी टोक आधी फिकं पडलं, मग नुसती करडी भिंत. हवेतल्या बारीक कणांचा, पीएम २.५ चा, आकडा सकाळी बघून मास्क लावायचा की नाही ते ठरायचं. दम्याचा पंप बाहेर आला तेव्हा तिकीट काढलं.

खोली सोडताना अनामतीतून सफाईचे आणि शेवटच्या विजेचे पैसे कापून बाकी रोख मिळाली, तीही मी महिनाभर आधी लेखी कळवलं होतं म्हणून. खोलीत राहायला जाताना आणि सोडताना तिचे व्हिडिओ काढून ठेवा, गादीखालच्या डागासकट. डीटीव्ही अजून चार वर्षं चालेल. पुढच्या नोव्हेंबरला परत गेले तर टीडीएसी पुन्हा, टीएम ३० पुन्हा. साडेतेरा लाख मात्र परत एफडीत टाकलेत.